मधल्या खुर्चीतला माणूस

संपादकांनी फोन करून सांगितलं, "तुमच्या क्षेत्रात तंत्रज्ञानाने केवढी क्रांती केली, त्यावर लिहा." मी बरं म्हटलं. फोन ठेवून विचार करायला बसलो, तर क्रांती अशी काही आठवेना. आठवले ते सोफे. पनवेल आणि आसपासच्या घरांत होम थिएटर लावण्यात माझा जन्म गेला, आणि एवढ्या वर्षांत माझ्या कामात सगळ्यात जास्त अडथळा कोणी आणला असेल, तर तो काटकोनात वळलेल्या सोफ्याने. क्रांतीबद्दल दुसरं कोणीतरी लिहील, मी आपला सोफ्यापासून सुरुवात करतो.

ज्यांच्या घरी ही वस्तू नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. होम थिएटर म्हणजे टीव्हीच्या दोन बाजूंना दोन स्पीकर, टीव्हीखाली मधला एक, बसणाऱ्याच्या पाठीमागे दोन, आणि कोपऱ्यात एक जाडजूड ठोकळा. त्याला कंपनी सबवूफर म्हणते आणि गिऱ्हाईक बेस म्हणतं. मधल्या स्पीकरमधून माणसं बोलतात, बाजूच्यांतून गाणी येतात, मागच्यांतून हेलिकॉप्टर जातं आणि बेसमधून इमारती वगैरे कोसळतात. हे सगळं नीट जुळवलं की आवाज आपल्याभोवती फिरतो. फक्त एक अडचण आहे आणि ती कंपनी खोक्यावर छापत नाही. आवाज नीट फिरतो तो एकाच माणसाभोवती. खोलीत एकच जागा अशी असते जिथे सगळं बरोबर ऐकू येतं. बाकीच्यांना जे येईल ते त्यांनी गोड मानून घ्यायचं असतं.

म्हणून कोणाच्याही घरी गेलो की वायर सोडण्याआधी मी एकच प्रश्न विचारायचो, "मधे कोण बसणार?" हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. नवीन पनवेलमधल्या एका निवृत्त जोडप्याच्या घरी हा प्रश्न मी सकाळी विचारला आणि जेवणाची वेळ झाली तरी त्याचं उत्तर आलं नाही. शेवटी त्यांनी वार वाटून घेतले. त्यानंतर बरेच दिवस मला फोन यायचा, "अहो, आज हिचा वार आहे, मागचे स्पीकर थोडे हिच्याकडे सरकवायला येता का?" मी जायचो. चहा चांगला असायचा.

खांदा कॉलनीतल्या एका गृहस्थांचा वास्तुशास्त्रावर गाढ विश्वास होता. ते म्हणाले, बेस आग्नेयेलाच हवा, कारण तो विजेवर चालतो, म्हणजे अग्नी आला. मी भोळेपणाने म्हटलं, अहो, सगळेच स्पीकर विजेवर चालतात. मग सगळेच आग्नेयेला गेले. आग्नेयेला त्यांचं स्वयंपाकघर होतं. सिनेमात गोळीबार झाला की तो फोडणीतून यायचा. गृहस्थ समाधानी होते आणि अजूनही दिवाळीला आठवणीने फोन करतात. आपण आपलं शास्त्र सांगून मोकळं व्हावं, नांदायचं त्यांनाच असतं.

आता तेही राहिलं नाही. हल्ली लोक मोबाइलवरून एक लांबट पट्टी मागवतात, टीव्हीखाली ठेवतात आणि आवाज चौफेर आला असं एकमेकांना सांगतात. दुकानात मी एक डेमोची खोली केली होती. भिंतींना जाड कापड, एकच खुर्ची, गिऱ्हाईक आत बसलं की दार लावून घ्यायचो. माझ्या मुलाने तिथे मोबाइलची कव्हरं टांगली आहेत. धंदा त्याचा चांगला चालतो. मला मात्र त्या खोलीत शिरवत नाही.

पण मला सांगायची आहे ती तांडेलांच्या घरची गोष्ट. चारेक पावसाळ्यांपूर्वीची. उरणच्या पुढे समुद्राला लागून एक कोळीवाडा आहे, तिथून निलेश नावाचा तरुण दुकानात आला. कंटेनर यार्डाच्या ऑफिसात नोकरीला. घरी दोन मजली बंगला, स्वतःची मच्छीमारी बोट, आणि वडील त्या बोटीचे तांडेल, म्हणजे सुकाणू धरणारे, बोटीवरचे कर्ते. निलेशने एकही प्रश्न न विचारता चांगला सेट निवडला. एवढ्या चटकन कोणी वस्तू घेतली की मला जरा शंका येते. सहसा अशी वस्तू कोणाचं तरी मन राखायला घेतलेली असते.

चिरनेरवरून रस्ता काढत मी सामान घेऊन पोचलो. पावसाळ्याची मासेमारी बंद होती, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या, त्यामुळे तांडेल घरी होते. उंच, रापलेला माणूस, सत्तरीला आलेला असावा, पण मनगट असं की मला माझ्या वायरची काळजी वाटली. त्यांची बायको सुमनताई बाजारात मासळी विकायच्या. पहाटेच टोपली घेऊन निघायच्या, पण बंदीमुळे त्या दिवशी त्याही घरात होत्या. त्या घरात सगळे जण ज्या आवाजात गप्पा मारत होते, त्या आवाजात आमच्या सोसायटीत फक्त भांडणं होतात. वाऱ्यात आणि बाजारात बोलायची सवय, घरात आल्यावर कोण कशाला खाली आणेल? मी नवा सेट चाचणीला लावला तेव्हा नेहमीपेक्षा मोठा ठेवावा लागला, नाहीतर तो चालू आहे हेच कोणाला कळलं नसतं.

अपवाद एकच होता. निलेशची बायको मानसी. ती पुण्याची, पनवेलला बँकेत नोकरी करायची, दोघांचा प्रेमविवाह होऊन वर्ष झालं होतं. ती बोलायची म्हणजे वाचनालयात बोलल्यासारखी. पाणी आणून देताना ती मला काहीतरी म्हणाली. काय म्हणाली ते मला दुसऱ्यांदा विचारावं लागलं.

मी माझा प्रश्न टाकला, "मधे कोण बसणार?"

"बाबा," निलेश म्हणाला.

"यो काय विचारायचा प्रश्न हाय? हेच बसतील," सुमनताई म्हणाल्या.

मानसीनेही मान हलवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एका घराचं एकमत झालेलं पाहून मला बरं वाटलं. तांडेल मात्र तयार होईनात. सोफ्याच्या अगदी डाव्या टोकाला भिंतीला खेटून ते बसले होते, तिथून उठेनात. "मी हितंच बरा हाय. मधी तुमी बसा," ते म्हणाले. सुमनताईंनी त्यांना दंडाला धरून मधल्या खुर्चीत आणून बसवलं. मी तेवढ्यापुरती ती खुर्ची सोफ्याच्या पुढे ओढून घेतली होती.

या यंत्रात तपासणीची एक सोय असते. बटण दाबलं की एकेका स्पीकरमधून क्रमाने खर्रर्र असा आवाज निघतो, तापलेल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा. मधे बसलेल्या माणसाला सगळे सारखे ऐकू येतात ना, ते बघायचं आणि कमीजास्त करायचं. पोराटोरांच्या घरात याचा खेळ होतो. इथेही झाला. निलेश म्हणाला, "बाबा, आवाज कुटून येतोय ते हातानं दाखवायचं."

तांडेलांनी दाखवलं. डावा वाजला, डावीकडे हात. मधला वाजला, समोर हात. सगळं बरोबर. फक्त हात जरा उशिरा उठत होता. माझं लक्ष यंत्राकडे असायला हवं होतं, पण माझी नजर त्यांच्या डोळ्यांकडे गेली. ते स्पीकरकडे बघतच नव्हते. घरातल्या माणसांच्या माना कुठे वळतात ते बघत होते.

"असं नाय," सुमनताई म्हणाल्या. "डोले मिटून दाखवा."

त्यांनी डोळे मिटले. मी बटण दाबलं. डावा वाजला, हात उजवीकडे गेला. मधला वाजला, उजवीकडे. मागचा डावा वाजला, हात परत उजवीकडे. सुमनताई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. निलेशही हसला. "बाबांची मस्करी चाललीय," तो म्हणाला. तांडेलांनी डोळे उघडले, सगळ्यांचे चेहरे पाहिले आणि तेही हसले. मला मात्र हसू आलं नाही. एका कानाने ऐकणाऱ्या माणसाला सगळे आवाज त्याच कानाच्या बाजूने येतात. आमच्या धंद्यात असा माणूस कधीतरी मधल्या खुर्चीत येऊन बसतोच.

मी आत वायर पट्टीत बसवायला घेतली, तेवढ्यात तांडेलांनी मला पडवीत बोलावलं. माझ्या डाव्या हाताला उभे राहिले, म्हणजे त्यांचा उजवा कान माझ्याकडे.

"तुला समाजलं," ते म्हणाले.

"डावा कान?" मी विचारलं.

"डावा गेलाच हाय. उजवा बी मोट्यांनी बोललेलंच घेतो. जलमभर इंजिनाचं धुराडं माझ्या डाव्या अंगाला. ते काय कान शाबूत ठेवनार?" त्यांनी आत एकदा पाहून घेतलं. "घरात कोनाला सांगू नको. पोराला समाजलं तं मना बोटीवर चडू देनार नाय. नारली पुनवेनंतर दर्या सुरू होतोय."

"आणि भोंगा? बंदराची मोठी जहाजं जातात तिथून."

"पुतन्या बसतो ना डावीकडं. सदानंद. भोंगा झाला की तो माझ्या मांडीवर थाप मारतो. दोन वरसं असंच चालवतोय."

मी कबूल झालो. लोकांच्या घरात वावरणाऱ्याने पाहिलेलं तिथेच सोडून यायचं असतं, नाहीतर पुढच्या घरात कोण घेईल? पण मला ते आवडलं नव्हतं. बोटीवर आणखीही माणसं असतात.

आत येऊन मी टीव्हीमागे वाकलो. टेस्टर दातात धरला होता. मानसी जवळ येऊन उभी राहिली. म्हणाली, "काका, रिमोट कसा वापरायचा ते तुम्हीच बाबांना समजावून सांगाल का? आईंना सांगितलं तरी चालेल. मी सांगून उपयोग नाही."

मी भुवया वर केल्या.

"बाबा माझ्याशी बोलत नाहीत," ती म्हणाली. "लग्न झाल्यापासून. मी काही विचारलं तर ऐकूनच न घेतल्यासारखं करतात, बघतसुद्धा नाहीत. मी कोळ्यांची नाही, त्यांना मी पसंत नाही, हे मला पहिल्याच महिन्यात कळलं. वर्षभर रोज वाटायचं, आज बोलतील. आता पुरे झालं. पौर्णिमा झाली की आम्ही रोडपालीला जातोय, भाड्याने फ्लॅट घेतलाय. निलेशला जायचं नाहीये, पण तो माझ्यासाठी येतोय. आईबाबांना घर सुनं वाटू नये म्हणून हे सगळं आणलं."

हे तिने इतक्या हळू आवाजात सांगितलं की मला टेस्टर चावत कान पुढे करावा लागला. तोंडात टेस्टर होता म्हणून मी त्या क्षणी काही बोललो नाही, आणि ते बरंच झालं. एकाला शब्द दिलेला, दुसरी समोर डोळे पुसत उभी. मी त्या सोफ्याकडे पाहिलं. तांडेलांची जागा डाव्या टोकाला, सगळं घर त्यांच्या उजवीकडे बसायचं. स्वयंपाकघराचं दार मात्र डावीकडे, त्यांच्या पाठीशी. मानसी चहा घेऊन रोज तिथूनच येत असणार.

मला फार वाईट वाटलं. कानाचं सांगायचं नाही असं मी कबूल केलं होतं. पण सुनेचं तांडेलांना सांगू नये, असं मला कोणीच सांगितलं नव्हतं. रिमोट घेऊन मी पडवीत गेलो आणि उजव्या बाजूने त्यांच्याशेजारी बसलो.

"सूनबाई म्हणतात, तुम्ही त्यांच्याशी बोलत नाही," मी मोठ्याने म्हटलं.

तांडेलांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी त्यांची जाळी कापून आलोय. "मी बोलत नाय? तीच नाय बोलत माझ्याशी! सासऱ्यानं सुनंशी आपनहून बोलू नये, आमचा बाप बी कदी नाय बोलला. तिनं बोलावं, मग मी बोलावं. वरीस झालं, वाट बघतोय. येते, कप ठेवते, ओठ जरा हलल्यागत वाटतं, जाते. मी समाजलो, शिकलेली पोर हाय, कोल्याच्या घरात आली, मासलीचा वास येत असंल. म्हनून तोंड मिटून असते."

"त्या रोज बोलतात," मी म्हटलं. "हळू बोलतात. आणि डावीकडून बोलतात. आता पौर्णिमेनंतर रोडपालीला निघाल्यात, कायमच्या."

समोर किनाऱ्यावर तांडेलांची बोट होती, नव्याने रंगवलेली, त्यांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मी रिमोट हातात धरून बसून राहिलो. खरं सांगितलं तर त्या माणसाला काय सोडावं लागणार हे मला स्पष्ट दिसत होतं, आणि मी त्याला तिथे आणून बसवलं होतं. उठून पनवेल गाठावं असं मला वाटायला लागलं.

मग ते उठले. आत जाऊन कोणी न सांगता मधल्या खुर्चीत बसले. "सगली या हितं," त्यांनी हाक मारली. "तो खरखर आवाज परत लाव रं भाऊ."

मी बटण दाबलं. त्यांनी डोळे मिटले. डावा वाजला. त्यांनी हात उचललाच नाही.

"कुटून वाजतंय?" त्यांनी विचारलं.

"डावीकडून ना बाबा," निलेश म्हणाला.

"मना नाय समाजत कुटून. या अंगाला काय बी नाय. दोन वरसं झाली." त्यांनी डाव्या कानावर हात ठेवला आणि डोळे उघडले.

आता कोणी हसलं नाही. सुमनताई मटकन सोफ्यावर बसल्या. निलेशच्या चेहऱ्यावरून मला दिसत होतं की त्याला आधी वडील दिसले, मग बोट दिसली, मग ती बंदराची जहाजं दिसली. "बाबा, तुमी दोन वरसं असं दर्यात जाताव?" त्याचा आवाज फुटला.

"आता नाय जात. बोट सदानंद नेल. दोन वरसं तोच तं आयकतोय." त्यांना ते किती जड गेलं हे मला समजलं, पण सांत्वन करण्याइतकी ओळख नव्हती. मी यंत्र बंद केलं, तेवढंच माझ्या हातात होतं.

मग त्यांनी मान वळवून मानसीला शोधलं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, नेहमीच्या बाजूला.

"पोरी, या अंगाला ये," त्यांनी उजवीकडे बोट दाखवलं. "रोडपालीला जायचं तं जा, मी आडवनार नाय. पन न बोलता नको जाऊस."

मानसी खोली ओलांडून उजवीकडे येऊन उभी राहिली. सगळे तिच्याकडे बघत होते, मीसुद्धा. वर्षभराचं बोलायचं साठलेलं असलं तरी ऐन वेळी माणसाला काय सुचणार? ती म्हणाली, "बाबा, चहा ठेवू?"

"मोट्यांनी," सुमनताई म्हणाल्या.

"बाबा, चहा ठेवू?"

"ठेव. आनि साखर घाल गो बाय. वरीसभर बिनसाखरेचा पितोय. मना वाटलं, तुमच्या पुन्याला तसाच पितान."

मानसी त्यांच्याकडे बघतच राहिली. "बाबा, मी रोज विचारायचे," ती म्हणाली, आणि मग तिचा आवाज असा चढला की बाहेर जाळं विणत बसलेल्या शेजाऱ्याने मान वर केली. "रोज विचारायचे बाबा, साखर किती घालू!"

"आयकाला आलं," तांडेल म्हणाले. "दोन चमचे."